डॉक्टरांनी हात लावून तपासणं आता खरंच गरजेचं उरलं आहे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आई ६७ वर्षांची. दोन-तीन महिन्यांपासून थकवा, जिना चढताना धाप. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. रक्ताच्या चाचण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सीटी झाला, जाडजूड फाईल हातात आली. पण ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांतल्या एकानंही आईला हात लावला नाही. गावाकडचे जुने डॉक्टर नाडी, जीभ, डोळे, छाती, पोट पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नसत. यंत्रं आल्यामुळे ते सगळं निरुपयोगी ठरलं, की आमची फसवणूक होतेय?

मी फिजिशियन आहे. आधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, आता बरीच वर्षं विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. दोन्ही शंकांना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते नीट समजावून द्यायला थोडी जागा लागेल.

आधी जुन्या डॉक्टरांबद्दलचा जिव्हाळा जरा बाजूला ठेवू. १९७५ साली ब्रिटनमध्ये एक छोटा पण फार गाजलेला अभ्यास झाला. ओपीडीत आलेल्या ८० नव्या रुग्णांचं निदान नेमकं कशामुळे झालं, हे त्यात पाहिलं. ६६ जणांचं निदान फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाशी बोलूनच ठरलं होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. हात लावून तपासल्यानं ७ जणांत फरक पडला, प्रयोगशाळेमुळे आणखी ७ जणांत. म्हणजे सगळ्यात मोठं काम रुग्णाचं ऐकून घेण्यानं होतं. तेव्हा ‘डॉक्टरांनी हात लावला नाही’ याच्याआधी मी विचारीन, की डॉक्टरांनी आईंना नीट बोलू दिलं का? धाप कधीपासून, आडवं झाल्यावर वाढते का, रात्री उशा किती लागतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, नवी कोणती सुरू झाली? हे विचारलं गेलं नसेल, तर ती चूक हात न लावण्यापेक्षा मोठी आहे.

मग अंग तपासायचं कशाला? माझ्या मते तीही एक चाचणीच आहे आणि इतर चाचण्यांचा न्याय तिलाही लावला पाहिजे. कोणत्या आजारात, कोणती खूण, किती भरवशाची? काही खुणा सोन्यासारख्या आहेत. काही आम्ही परंपरेनं पाहतो आणि त्यातून काही निघत नाही. काही आजारांत मात्र दुसरी चाचणीच उपलब्ध नाही. या तिसऱ्या गटाबद्दल शहरातल्या लोकांना फारशी कल्पना नसते, म्हणून तिथून सुरुवात करते.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो. एखादी उलटी होते. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. अंगावर सूज नाही, दंशाची खूण दिसत नाही, साप कुणी पाहिलेला नाही. रक्ताच्या चाचण्या ठीक, सोनोग्राफी ठीक. पण त्याला समोर बसवून वर बघायला सांगितलं, की पापण्या उचलत नाहीत. मान उशीवरून उचलता येत नाही. एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले तर दहा-बाराला थांबतो, आणि तासाभरानं सहाला. हा मण्यारचा दंश. आपल्याकडच्या कुठल्याही नेहमीच्या प्रयोगशाळेत मण्यारचं विष ओळखणारी चाचणी होत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का ते पाहायचं, ही सोपी चाचणी मदतीला येते. मण्यारच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं, त्यामुळे तीही गप्प राहते. निदान पापण्यांवर आणि श्वासावरच होतं. दर अर्ध्या तासानं तेच पुन्हा तपासायचं, म्हणजे कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर कधी घ्यायचं ते कळतं.

याच आजारात तपासणी उलटा धोकाही देते. लकवा पुरता चढला की बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्चला प्रतिसाद नाही, हातपाय निपचित. नवशिक्याला वाटतं मेंदू गेला. पण तो माणूस आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो, आणि श्वास नीट चालू ठेवला तर काही दिवसांनी उठून बसतो. खूण दिसली एवढ्यानं भागत नाही, ती कोणत्या गोष्टीची खूण आहे हेही कळावं लागतं.

विंचवाचंही तसंच. कोकणातला लाल विंचू चावल्यावर काही मुलं ठणक्यानं रडत राहतात आणि बरी होतात, काहींचं हृदय निकामी होऊन फुफ्फुसात पाणी भरतं. कोणाचं काय होणार हे आधी कसं ओळखायचं? रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून ते टिपलं: उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा. ही लक्षणं दिसली की पुढे हृदयाला धोका आहे. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि नंतर प्राझोसिन या साध्या गोळीच्या उपचाराचा पाया त्यावर उभा राहिला. त्या केंद्रात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारं मशीन कुठून असणार? हाताला गार लागलेला तळवा आणि बीपीचा पट्टा, एवढीच सामग्री.

आमच्या भागातलं उदाहरण स्क्रब टायफसचं. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूला याची मोठी लाट आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, म्हणजे पावसाळ्यातल्या कुठल्याही तापासारखाच. रक्ताची नेहमीची चाचणी साधारण आठवड्यानंतर स्पष्ट होते आणि तोवर काहींची किडनी, फुफ्फुसं बिघडायला लागलेली असतात. पण बऱ्याच रुग्णांच्या अंगावर चाव्याच्या जागी एक काळी खपली असते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. आणि असते कुठे? काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, कानामागे. म्हणजे रुग्णाला झोपवून, कपडे सैल करून, चांगल्या उजेडात पाहिल्याशिवाय दिसणारच नाही. दिसली की त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू करता येतं. गोळीही स्वस्त, आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. तापाचं ‘पॅनेल’ हजारो रुपयांचं होतं, आणि ती खपली पाहायला लागतात दोन मिनिटं आणि एक पडदा. पडदा सरकारी ओपीडीत नसतो ही वेगळी रड.

कुष्ठरोगाचं तर निदानच बोटांच्या टोकांवर आहे. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कापसाचा स्पर्श न कळणं, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जाड झालेली नस. कमी जंतूंच्या प्रकारात त्वचेचा नमुना तपासला तरी तो बहुधा कोराच येतो. देशपातळीवर या रोगाचं ‘दूरीकरण’, म्हणजे दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, २००५ च्या अखेरीस जाहीर झालं आणि तेव्हापासून नवे डॉक्टर नसा चाचपायला विसरले. गडचिरोली-चंद्रपूरकडे रुग्ण मात्र अजून येतात. कित्येक जण आधी दोन-तीन ठिकाणी नायट्याचं मलम लावून आलेले असतात.

आता डेंग्यू, कारण यात शिकलेली, सुखवस्तू घरंही चुकतात. दर पावसाळ्यात फोन येतात: “मॅडम, पेशी ८० हजारांवर आल्या!” सगळ्या घराचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर, कुणी पपईच्या पानांचा रस काढतंय, कुणी रक्तपेढीत ओळख शोधतंय. खरा धोका बहुतेकदा पेशींमध्ये नसतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्ताभिसरण खचतं, माणसं जातात ती त्यामुळे. हे होतं ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे नेमकं घरच्यांना हायसं वाटतं तेव्हा. ते ओळखायचं कसं? बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे असतात, त्यांच्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की रुग्ण शॉकमध्ये आहे असं धरायचं. वरचा आकडा १०० असला तरी खालचा ८५ असेल तर परिस्थिती वाईट आहे. हातपाय गार, नखावर दाबून सोडल्यावर लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, पोटात दुखणं, यकृताच्या जागी दाबल्यावर कळ. असा रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, मोबाईल बघतो, त्यामुळे खोलीच्या दारातून तो बरा दिसतो. हात धरल्यावरच कळतं. अशा वेळी प्लेटलेटचा रिपोर्ट सकाळ-संध्याकाळ येतो, पण नाडी आणि बीपी दर तासाला पाहता येतात.

हा तासातासाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सीटी म्हणजे एका क्षणाचं चित्र. पोटदुखीच्या रुग्णाचा सीटी रात्री दहाला ठीक आला म्हणून पहाटे चारलाही पोट ठीकच असेल असं नाही. त्याच डॉक्टरनं तीन-चार तासांनी पुन्हा पोटावर हात ठेवला, तर दुखरी जागा सरकली आहे का, पोट कडक होतंय का, हे समजतं. पुन्हा पुन्हा करता येण्याजोगी, किरणोत्सर्गाशिवाय, बिलात वाढ न करणारी दुसरी चाचणी माझ्या माहितीत नाही.

तपासणी फक्त डॉक्टरांचीच मक्तेदारी आहे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, नुसते श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. ज्यांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही त्यांच्यासाठी वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि मणी असं साधन केलं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. अजून सांगते, मुलाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजणारा डॉक्टर शहरातही मला क्वचित भेटतो. बहुतेक केसपेपरवर श्वासाचा आकडा १८ किंवा २० असतो, आणि तो मोजलेला नसतो, भरलेला असतो.

मुंबईतला टाटा मेमोरियलचा प्रयोग त्याहून मोठा. वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखांवर स्त्रिया दोन गटांत वाटल्या. एका गटात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या, दहावी-बारावी शिकलेल्या, दर दोन वर्षांनी स्तन हातानं तपासायच्या आणि गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखंच, लावून डोळ्यांनी पाहायच्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. स्तनांच्या तपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही त्यातच आहे आणि तेही सांगायला हवं. मॅमोग्राफी मशीन तालुक्याला पोचेल तेव्हा पोचेल. शिकवलेला हात आजही पोचू शकतो.

इथवर वाचून मी जुन्या पद्धतीची वकील वाटत असेन. तर आता दुसरी बाजू.

छातीवर स्टेथोस्कोप ठेवून हृदयाच्या झडपांचे आजार शोधण्याचा आम्हाला केवढा अभिमान! संधिवाताच्या तापानं झालेले हृदयविकार शोधायला कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली, निष्कर्ष २००७ मध्ये आला. इकोनं जेवढी मुलं सापडली, त्यांच्या साधारण दहावा हिस्साच कानांनी सापडली. तिथं वाद संपला. हृदयातला आवाज ऐकून मी विद्यार्थ्यांना तासभर सुंदर व्याख्यान देऊ शकते, पण संशय असेल तर इको करायलाच हवा आणि ‘माझ्या कानांवर माझा विश्वास’ हा हट्ट रुग्णाला महागात पडतो. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली का हे पाहायला पाऊल वर वाकवून ‘दुखतं का’ विचारायची रीत अजून शिकवली जाते. त्या खुणेवरून हो किंवा नाही काहीच ठरत नाही, डॉप्लर, म्हणजे शिरेची सोनोग्राफी करावी. आतड्यांचे आवाज ऐकण्यातूनही फारसं हाती लागत नाही, दोन डॉक्टर एकाच पोटाला कान लावून वेगळं सांगतात. आणि ‘पोटाची तपासणी झाल्याशिवाय दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्यायचं नाही, नाहीतर निदान चुकेल’ हा तर शल्यविशारदांचा अनेक पिढ्यांचा दंडक होता. अभ्यासांत तो टिकला नाही. रुग्ण मात्र रात्र रात्र कण्हत राहिले. पापणी ओढून रक्त कमी आहे का पाहणंही अर्धवट भरवशाचं आहे. पापणी पांढरीफटक दिसली तर रक्त कमी असण्याची शक्यता बरीच, पण गुलाबी दिसली म्हणून रक्त पुरेसं आहे असं म्हणता येत नाही. हिमोग्लोबिन तपासायलाच हवं.

निरोगी माणसाची डोक्यापासून पायापर्यंत वार्षिक तपासणी, हाही असाच एक गैरसमज. जगभरातल्या वैद्यकीय अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये दिसलं, की सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांनी एकूण मृत्यूंवर जवळपास परिणाम होत नाही. बीपी, वजन, साखर, वयानुसार कर्करोगाच्या ठराविक तपासण्या, एवढं नेमकं करावं. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये बॉडीला कुणी हात लावत नाही ही गंमत वेगळीच, पण लावला असता तरी फार काही साधलं नसतं.

मग यंत्र आणि हात यांचं नातं काय? जिथं दोन्ही एकत्र बसवून पाहिले तिथं चांगली उत्तरं मिळाली. १९९२ मध्ये कॅनडात घोटा मुरगळलेल्यांसाठी नियम तयार झाले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबून दुखतं का, पावलावरच्या दोन ठराविक हाडांवर दुखतं का, चार पावलं टाकता येतात का. काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता नगण्य, एक्स-रे नको. हात इथं यंत्राशी स्पर्धा करत नाही, यंत्र कुणाला लागेल ते ठरवतो. हे न ठरवता सगळ्यांना सरसकट स्कॅन केले, तर कंबरदुखीच्या कित्येक चाळिशीतल्या माणसांच्या एमआरआयमध्ये ‘चकती सरकलेली’ निघते आणि ज्याला पायात अशक्तपणा नाही, बधिरपणा नाही, तोही ऑपरेशनच्या चौकशीला लागतो. चकती अशी बिनतक्रार माणसांतही दिसते. ती त्रास देतेय का, हे पाय उचलून पाहिल्यावर, पायाचा अंगठा वर करायला सांगितल्यावर, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर कळतं.

परदेशात तरुण डॉक्टर आता खिशात छोटं सोनोग्राफी यंत्र ठेवतात आणि हात, कान आणि यंत्राचा स्क्रीन असं एकत्रच तपासतात. छातीतलं पाणी शोधायला ते स्टेथोस्कोपपेक्षा निश्चित सरस आहे. आपल्याकडे मात्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, ते खिशात घालून गावोगाव फिरता येत नाही. या कायद्याची गरज महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको, मुलींच्या घटत्या आकड्यांनी ती सांगितली आहे. पण त्याचा एक परिणाम असा की आमच्यासाठी बोटं आणि कान अजून बराच काळ निवृत्त होत नाहीत.

यंत्रांचे स्वतःचे दोषही असतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी गेला. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत दिसून आलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये रक्तातला ऑक्सिजन खरा कमी असूनही यंत्र ठीक दाखवतं, असं गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा घडतं. बोटं गार असतील, नखांना रंग असेल तरी आकडा चुकतो. माणूस वाक्य पूर्ण करू शकत नाही, मानेचे स्नायू ओढले जाताहेत, आणि आकडा ९६? मी माणसावर विश्वास ठेवीन.

आता फसवणुकीचा प्रश्न. काही ठिकाणी चाचण्यांमागे पैशाचा हिशोब असतो, हे मी नाकारत नाही. पण हात न लावण्याचं मोठं कारण वेळ. २०१७ मध्ये अनेक देशांची तुलना प्रसिद्ध झाली. प्राथमिक सेवेत डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये साधारण २२ मिनिटं देतो, भारतात दोन मिनिटांच्या आसपास, बांगलादेशात ४८ सेकंद. दोन मिनिटांत आजी चपला काढून पायऱ्यांच्या स्टुलावरून कॉटवर चढेपर्यंत वेळ संपतो. दुसरं कारण धास्ती. वाद झाला तर ‘सीटी का नाही केला’ असं विचारलं जातं, ‘पोट का नाही चाचपलं’ असं कुणी विचारत नाही. तिसरं, सवय मोडली. शिकवायच्या वॉर्डात मोठी झालेली पाणथरी (प्लीहा) असलेला एक रुग्ण आला, की पन्नास विद्यार्थी त्याचं पोट दाबून जातात, परीक्षेत गुण मिळवतात, आणि पुढे सुपर-स्पेशालिटीत गेल्यावर रिपोर्ट उघडण्याआधी रुग्णाकडे बघायचीही गरज उरत नाही. शिवाय काही जण हात लावतात तो नुसता दिखावा म्हणून. शर्टावरून, बोलता बोलता, दोन ठिकाणी स्टेथो टेकवला की तपासणी झाली. त्यापेक्षा ‘आज मी तपासलेलं नाही’ असं सांगितलेलं बरं.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुरुष डॉक्टर संकोचतो, सोबत नर्स नसते, बाईबरोबर सासरा किंवा दीर आलेला असतो, पडदा नसतो. मग छाती पदरावरून ऐकली जाते, स्तन तपासले जात नाहीत, पोट लुगड्याच्या गाठीपर्यंतच. परवानगी विचारणं, नर्सला बोलावणं, लागेल तेवढाच भाग उघडणं, ही तपासणीची पूर्वतयारी आहे आणि ती करून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. व्हिडिओवरच्या सल्ल्याबद्दल एवढंच सांगते: २०२० मध्ये केंद्रानं नियम केल्यापासून तो अधिकृत आहे, जुन्या आजाराच्या पाठपुराव्याला, रिपोर्ट दाखवायला उत्तम. नवी धाप, नवी पोटदुखी, लहान बाळाचा ताप यांसाठी नको.

आता तुमच्या आईंकडे येते. त्यांना न पाहता निदान सांगणार नाही, पण त्या माझ्याकडे आल्या असत्या तर काय पाहिलं असतं ते सांगते, म्हणजे काय राहून गेलंय ते तुम्हाला ताडता येईल.

नाडी पूर्ण एक मिनिट. ती अनियमित असेल तर लगेच ईसीजी, कारण या वयात थकव्यामागे हृदयाची लय बिघडलेली असणं मुळीच दुर्मिळ नाही आणि त्यातून पुढे पक्षाघात होऊ शकतो. बीपी आधी पाच मिनिटं शांत बसवून, हात टेबलावर टेकवून, पट्टा बाहीवरून न बांधता. मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा, वरचा आकडा २० नं खाली आला तर थकव्याचं कारण बीपीच्या गोळ्यांतच सापडू शकतं. पाठ ४५ अंशांवर टेकवून मानेतली शीर फुगलेली दिसते का. पाठीवर खालच्या बाजूला, कपडा बाजूला करून, मोठा श्वास घ्यायला लावून ऐकणं. तिथं वेलक्रो उघडल्यासारखा बारीक आवाज आला तर फुफ्फुस कडक होण्याचा आजार, एक्स-रेत तो सुरुवातीला दिसेलच असं नाही. पायांवर नडगीपाशी बोट दाबून खड्डा पडतो का, आणि पडत असेल तर ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी चालू आहे का, कारण त्या गोळीनंही सूज येते. जीभ, पापणी, गळ्यातली थायरॉइड, मान आणि काखेतल्या गाठी, स्तन, पोट. घोट्यामागच्या जाड कंडरेवर हातोडी मारल्यावर पाऊल सावकाश परत आलं तर थायरॉइडचा रिपोर्ट आधी शोधीन. मधुमेह असेल तर मोजे काढून पावलं, बोटांच्या बेचक्यांसकट. आणि शेवटी त्यांना घेऊन ओपीडीबाहेरच्या व्हरांड्यात चालले असते, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावून. बसलेला माणूस ९७ दाखवतो आणि पन्नास पावलांनी ८८ वर येतो, हे कुठल्याही फाईलमध्ये छापून येत नाही. चालताना धाप आहे की गुडघा दुखतोय म्हणून थांबावं लागतंय, हेही तिथंच कळतं.

हे सगळं वीस मिनिटांचं काम आहे. मोठ्या रुग्णालयात पुन्हा जाण्याऐवजी जवळच्या एखाद्या फिजिशियनची संथ वेळ, दुपारची किंवा उशिरा संध्याकाळची, फोन करून ठरवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्याही. आईंना सहज उघडता येईल असे कपडे घालू द्या. ‘एकदा कॉटवर झोपवून नीट तपासाल का?’ असं सरळ म्हणा, बहुतेक डॉक्टरांना याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. फाईलमध्ये इकोचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट आहे का ते आजच पाहून ठेवा. आणि रात्री धापेनं उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज वाढत असेल किंवा छातीत दडपण येत असेल, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.